गॅस फायरप्लेस पेटत नाही? ऑन्टारियोतल्या पहिल्या हिवाळ्यासाठी

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातल्या मिल्टनच्या या घरात आम्ही सप्टेंबरमध्ये राहायला आलो. दिवाणखान्यात काचेमागे खोटे ओंडके रचलेली एक पेटी होती आणि तिच्या शेजारी भिंतीवर दोन बटणं. मी ती दिव्याची समजून दाबून पाहिली, काहीच लागलं नाही, म्हणून तशीच सोडून दिली. जानेवारीत पारा उणे २० ला टेकला, नाशिकहून आई-बाबा आलेले होते, आणि त्या रात्री आम्ही चौघं काचेसमोर मांडी घालून बसलो. नॉब दाबायचा, लाल बटण दाबायचं, पायलट, म्हणजे बर्नर पेटवणारी छोटी ज्योत, पेटायचा, हात काढला की विझायचा. दीड तास हेच चाललं.

दुसऱ्या दिवशी आलेल्या माणसाने आख्खा व्हॉल्व्ह बदलायला सांगितला, ९०० डॉलर. मन मानेना, म्हणून दुसऱ्या तंत्रज्ञाला बोलावलं. त्याने पायलट साफ केला, एक सैल झालेला नट आवळला आणि चाळीस मिनिटांत यंत्र चालू करून दिलं. जाताना तो जे समजावून गेला, ते मी वहीत उतरवलं. नंतरच्या सात हिवाळ्यांत ब्रॅम्प्टन, ओकव्हिल, मिसिसॉगातल्या मैत्रिणींकडे तीच वही घेऊन गेले. हा लेख त्या वहीतून आला आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. ऑन्टारियोत गॅसची नळी, व्हॉल्व्ह किंवा बर्नर खोलण्याचं काम परवानाधारक गॅस तंत्रज्ञानेच करायचं असतं. खाली लिहिलेल्या पायऱ्या यंत्राच्या पुस्तिकेत वापरणाऱ्याला सांगितलेल्या कामांपुरत्या आहेत. त्यापलीकडच्या गोष्टी लिहिल्या आहेत त्या एवढ्यासाठीच की समोरचा माणूस काय करतो आहे ते तुम्हाला कळावं.

१. आधी वास, आधी अलार्म

नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात सडक्या अंड्यासारखा वास मिसळतात. फायरप्लेसजवळ गेल्यावर उभ्याने एकदा आणि जमिनीशी वाकून एकदा वास घ्या. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो वर जातो. गावाबाहेरच्या घरांत टाकीतला प्रोपेन असतो, तो जड, खाली साचतो.

वास स्पष्ट येत असेल तर काहीही पेटवून पाहू नका. दिव्याचं बटण लावायचं नाही, बंदही करायचं नाही. घरात उभं राहून फोन करायचा नाही. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून ९११ ला किंवा गॅस कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकाला फोन करा. तो क्रमांक गॅसच्या बिलावर छापलेला असतो. आजच मोबाइलमध्ये साठवून ठेवा.

दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा, आणि त्याला ना रंग ना वास. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने घेतलेले बळी आपल्याकडे प्रत्येकाने बातम्यांत वाचले आहेत. इथेही तसंच घडलं आहे. डिसेंबर २००८ मध्ये वुडस्टॉक या गावात हॉकिन्स कुटुंबातली चारही माणसं, आई-वडील आणि दोन मुलं, घरातच गेली. त्यांच्या गॅस फायरप्लेसचा धूर बाहेर नेणारा मार्ग तुंबला होता आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नव्हता. त्यानंतर २०१३ मध्ये ऑन्टारियोने हॉकिन्स-जिन्याक कायदा केला. घरात गॅसचं यंत्र किंवा फायरप्लेस असेल तर झोपण्याच्या खोल्यांजवळ हा अलार्म असलाच पाहिजे. जानेवारी २०२६ पासून प्रत्येक मजल्यावरही एक असणं बंधनकारक झालं आहे. भाड्याच्या घरात तो बसवणं घरमालकाचं काम आहे.

अलार्म असेल तर तो भिंतीवरून उतरवून मागची तारीख पाहा. हे अलार्म साधारण ७ ते १० वर्षं चालतात. मुदत उलटलेला अलार्म भिंतीवर असून उपयोगाचा नाही.

२. हाताशी काय ठेवायचं

- विजेरी. मोबाइलचा उजेड चालतो, पण दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून डोक्याला बांधायची असेल तर उत्तम.
- नवे अल्कलाइन डबल-ए सेल, निदान आठ. रिमोट, रिसीव्हर आणि राखीव सेलचा डबा, तिन्हीकडे लागू शकतात. काही यंत्रांना आपल्या जुन्या टॉर्चचे जाडे सेल लागतात.
- यंत्राची पुस्तिका. नसेल तर खालची झडप किंवा जाळी उघडा. आत साखळीला किंवा तारेला अडकवलेली धातूची पट्टी सापडेल. तिच्यावर मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक आणि कोणता गॅस चालतो ते कोरलेलं असतं. फोटो काढा. मॉडेल क्रमांकावरून निर्मात्याच्या संकेतस्थळावर पुस्तिका मिळते.
- मोबाइलचा कॅमेरा. काहीही हलवण्याआधी फोटो, नॉब कुठल्या खुणेवर होता त्याचाही फोटो.
- शेवटच्या देखभालीची पावती, असली तर. घर विकत घेतलं असेल तर तपासणी अहवालात फायरप्लेसबद्दल काय लिहिलं आहे ते पाहून ठेवा.

भाड्याने राहत असाल तर यातलं काही करण्याआधी घरमालकाला ईमेल करा. फायरप्लेस घरासोबत दिलेली असेल तर ती चालू ठेवण्याची जबाबदारी त्यांची. लेखी मागणी नोंद म्हणून उपयोगी पडते.

३. आपलं यंत्र कोणत्या जातीचं ते ओळखा

नवीन आलेल्या माणसाची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. पेटवण्याच्या दोन पूर्णपणे वेगळ्या पद्धती आहेत. एकीचे उपाय दुसरीवर करत बसलात तर रात्र जाते आणि हाती काही लागत नाही.

पहिली जात कायम तेवणाऱ्या पायलटची. देवघरात नंदादीप तेवत असावा तशी एक छोटी निळी ज्योत ओंडक्यांच्या खाली दिवसरात्र जळत असते. भिंतीवरचं बटण दाबलं की मोठा बर्नर तिच्यावरून पेट घेतो. खालची झडप उघडल्यावर ऑफ, पायलट, ऑन अशा खुणा असलेला गोल नॉब आणि त्याच्या जवळ लाल किंवा काळं दाबायचं बटण दिसलं, तर तुमचं यंत्र या जातीचं.

या यंत्राला घरातली वीज लागत नाही, आणि मला ते अजूनही नवलाचं वाटतं. पायलटच्या ज्योतीत दोन दांड्या उभ्या असतात. बारीक दांडी थर्मोकपल. ती तापली की साधारण २५ ते ३० मिलिव्होल्ट वीज तयार होते आणि तेवढ्यावर व्हॉल्व्हमधला छोटा चुंबक पायलटचा गॅस सुरू ठेवतो. ज्योत विझली, दांडी थंड झाली, की चुंबक सुटतो आणि गॅस आपोआप बंद होतो. जाडी दांडी थर्मोपाइल. तिच्यात अनेक थर्मोकपल एकत्र बांधलेली असतात, ती ५०० ते ७५० मिलिव्होल्टपर्यंत देते आणि मोठ्या बर्नरचा गॅस उघडते. काही यंत्रांत दोन्ही कामं एकच दांडी करते. एका साध्या सेलच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी दाबावर हा सगळा कारभार चालतो, म्हणून जरासा गंज किंवा सैल जोडही त्याला बंद पाडायला पुरतो.

दुसरी जात इलेक्ट्रॉनिक. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या घरांत बहुधा हीच असते. पुस्तिकेत आयपीआय असं लिहिलेलं आढळेल. पायलट एरवी विझलेला असतो. रिमोट किंवा बटण दाबलं की टिक-टिक-टिक ठिणगी पडते, पायलट पेटतो, ज्योत आहे याची यंत्र खात्री करून घेतं आणि मगच मोठा बर्नर लावतं. आपल्याकडच्या गॅस गीझरचा नळ सोडल्यावर जो टिक-टिक आवाज येतो, तोच हा. नॉब दिसत नाही. दिसतात ते तारांचे झुबके, एक काळी पेटी आणि सेलचा डबा. याला भिंतीतून अॅडाप्टरने वीज मिळते, आणि वीज गेली तर राखीव सेलवर चालतं.

कोणती जात ते ठरलं की दुसऱ्या जातीबद्दलचा भाग (५ आणि ६, किंवा ७) तुम्ही वगळू शकता.

४. दोन्ही जातींसाठी: पाच मिनिटांच्या तपासण्या

गॅसचा कॉक उघडा आहे का पाहा. तो खालच्या झडपेत, बाजूच्या भिंतीत किंवा तळघरात छताजवळच्या नळीवर असतो. दांडा नळीच्या रेषेत असेल तर उघडा, नळीला आडवा असेल तर बंद. काही घरांत दांड्याऐवजी भिंतीत किंवा जमिनीत चावीचं भोक असतं. ब्रॅम्प्टनच्या एका मैत्रिणीकडे आधीच्या मालकाने तो कॉक बंद करून घर सोडलं होतं आणि तिने त्याआधी सेल दोनदा बदलले होते.

घरातली बाकीची गॅस यंत्रं चालतात का? फर्नेस (सगळं घर तापवणारी भट्टी) आणि शेगडी दोन्ही बंद असतील तर दोष फायरप्लेसचा नाही, गॅस कंपनीला फोन करा.

भिंतीवर दोन बटणं असतील तर बहुतेक वेळा एक बर्नरचं आणि एक पंख्याचं असतं. पंखा लगेच फिरत नाही. यंत्र पुरेसं तापल्यावर, दहा-पंधरा मिनिटांनी, तो आपोआप सुरू होतो. तो बिघाड नाही.

रिमोट असेल तर त्याचे सेल बदला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे रिसीव्हरचे. रिसीव्हर ही खालच्या झडपेत किंवा भिंतीतल्या चौकटीत लपलेली छोटी पेटी. रिमोटचे सेल सगळे बदलतात, रिसीव्हरला सेल असतात हेच कुणाला ठाऊक नसतं. यंत्राच्या उष्णतेने ते लवकर मरतात, कधी पाझरतात. त्याच पेटीवर तीन जागी सरकणारी एक कळ असते: ऑन, रिमोट, ऑफ. झाडताना धक्का लागून ती ऑफवर गेली की रिमोट कितीही दाबा, उत्तर येत नाही. कळ ऑनवर सरकवून बर्नर पेटला तर यंत्र ठीक आहे, दोष रिमोटचा. लहान मुलांसाठीचं कुलूप रिमोटवर लागलेलं नाही ना, तेही पाहा.

तळघरातल्या फायरप्लेसबद्दल एक सूचना. जुलै २०२४ च्या पावसात टोरांटो आणि मिसिसॉगातल्या कितीतरी तळघरांत पाणी शिरलं. यंत्राचा कुठलाही भाग पाण्याखाली गेला असेल तर ते वाळल्यावरही पेटवायचं नाही. तंत्रज्ञाने तपासल्याशिवाय हात लावू नका.

५. तेवणारा पायलट पेटवण्याची रीत

आम्ही दीड तास जे केलं त्यात घाई होती. नीट क्रम असा:

भिंतीवरचं बटण बंद करा. नॉब ऑफवर आणा. तो किंचित दाबल्याशिवाय काही व्हॉल्व्हवर फिरत नाही, जोर लावू नका. नॉब हातानेच फिरवायचा, पक्कड कधीही लावायची नाही. हाताने फिरत नसेल तर तंत्रज्ञ बोलवा.

आता पूर्ण पाच मिनिटं थांबा. घड्याळ लावून. आधीच्या प्रयत्नांतला गॅस काचेमागे साचलेला असू शकतो, तो निघून जायला हवा. मग पुन्हा वास घ्या.

नॉब पायलटवर न्या आणि आत दाबून धरा. दाबलेला ठेवूनच दुसऱ्या हाताने ठिणगीचं बटण दाबा. दर वेळी टक असा आवाज येतो. ओंडक्यांच्या फटीतून खाली पाहत राहा, निळी ज्योत दिसेपर्यंत. खोलीतले दिवे मालवले तर ठिणगी आणि ज्योत दोन्ही स्पष्ट दिसतात.

ज्योत लागली की नॉब सोडू नका. इथेच सगळे चुकतात. थर्मोकपल तापायला वेळ लागतो, म्हणून पुस्तिका तीस सेकंद सांगत असली तरी मी साठपर्यंत मोजते. आई शुभंकरोति म्हणायची, बरोबर तेवढा वेळ जातो. मग सावकाश हात काढा.

ज्योत टिकली तर नॉब ऑनवर फिरवा आणि भिंतीवरचं बटण लावा. नॉब पायलटवरच राहिला तर मोठा बर्नर कधीच पेटणार नाही. ही चूक इतकी साधी आहे की तंत्रज्ञाला फोन करण्याआधी एकदा पुन्हा पाहाच.

ज्योत विझली तर नॉब ऑफवर, पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा पहिल्यापासून. काही व्हॉल्व्ह थर्मोकपल निवेपर्यंत नॉब परत पायलटवर जाऊच देत नाहीत. ती सुरक्षेची योजना आहे, अडकला म्हणून झटके देऊ नका.

६. तेवणारा पायलट: कुठे अडतं

*ठिणगीच पडत नाही.* बटण दाबल्यावर आतला स्फटिक दाबला जाऊन ठिणगी तयार होते, सेल लागत नाही. (काही बटणांत मात्र टोपी फिरवून एक सेल घालायचा असतो, ते तपासा.) बटणामागची तार निसटलेली असते, किंवा चिनी मातीच्या आवरणाला तडा जाऊन ठिणगी भलतीकडे पडते. दांडीचं टोक आणि पायलट यांच्यातलं अंतर साधारण ३ मिलिमीटर असावं लागतं. बाहेरून दिसणारी सुटलेली तार सोडून बाकी काम काच काढल्यावरचं, तंत्रज्ञाचं.

लांब काडीने पायलट पेटवायचा विचार कराल. काच सीलबंद असलेल्या यंत्रात त्यासाठी काच काढावी लागते. ते करू नका.

*ठिणगी पडते, ज्योत येत नाही.* उन्हाळ्यात पायलट बंद ठेवला असेल तर नळीत हवा भरलेली असते. नॉब दाबून धरून एक-दोन मिनिटं थांबावं लागतं, मधूनमधून ठिणगी द्यावी लागते. तीन-चार फेऱ्यांत, प्रत्येक फेरीआधी पाच मिनिटं सोडून, ज्योत आली नाही तर पायलटचं सुईएवढं छिद्र बुजलेलं असण्याची शक्यता मोठी. कोळी तिथे जाळं विणतात. ते छिद्र घरी तारेने टोचायचं नाही, भोक मोठं झालं तर ज्योतीचं माप बिघडतं.

*ज्योत येते, हात काढला की विझते.* आमचा आजार हाच. साठ सेकंद धरूनही विझत असेल तर ज्योतीचा रंग आणि आकार पाहा. निळी, ठसठशीत आणि थर्मोकपलच्या वरच्या साधारण एक सेंटिमीटरला कवेत घेणारी असावी. पिवळी, मलूल, बाजूला झुकलेली असेल तर पायलट घाण झाला आहे आणि दांडी पुरेशी तापत नाही. ज्योत चांगली असूनही विझत असेल तर थर्मोकपल जुनं झालं किंवा व्हॉल्व्हपाशी त्याचा नट सैल आहे. व्हॉल्व्ह बिघडणं ही शेवटची शक्यता. कुणी तिथूनच सुरुवात केली तर विचारा, थर्मोकपल मोजून पाहिलं का?

*पायलट टिकतो, मोठा बर्नर लागत नाही.* नॉब ऑनवर, भिंतीवरचं बटण चालू, तरी काही नाही. तर एक म्हणजे बटण किंवा त्याची तार, दुसरं म्हणजे अशक्त थर्मोपाइल. तंत्रज्ञ मल्टीमीटर लावून मिलिव्होल्ट मोजतो. पायलट नीट तापल्यावर ३२५ च्या आत आकडा असेल तर थर्मोपाइल साफ करायची किंवा बदलायची वेळ आली. आकडा चांगला असेल तर तो भिंतीच्या तारा बाजूला काढून व्हॉल्व्हवरच जोड देऊन पाहतो. बर्नर पेटला तर दोष बटणाचा, आणि ते स्वस्तातलं काम.

हे बटण स्वतः बदलायचा मोह होईल. त्याच चौकटीत शेजारी पंख्याची १२० व्होल्टची तार असू शकते. ती चुकून व्हॉल्व्हच्या तारांना लागली तर व्हॉल्व्ह जळतो, आणि धोका वेगळाच. माझ्या मते हा मोह टाळावा.

*बर्नर उशिरा, भप्प आवाज करून पेटतो.* लगेच बंद करा आणि वापरू नका. गॅस साचून मग पेट घेतो आहे, काच फुटू शकते. बर्नरची छिद्रं बुजणं किंवा ओंडके, निखाऱ्यांसारखा दिसणारा कापूस जागेवरून सरकणं ही नेहमीची कारणं. ओंडके शोभेसाठी हवे तसे मांडायचे नसतात, प्रत्येकाची जागा पुस्तिकेत आखून दिलेली असते.

७. इलेक्ट्रॉनिक यंत्र: कुठे अडतं

*काहीच आवाज नाही.* अॅडाप्टर सॉकेटमध्ये आहे का? त्या सॉकेटला वीज येते का, दुसरा चार्जर लावून पाहा. सेलच्या डब्यात पांढरा-हिरवा गंज दिसला तर सेल बदलून भागत नाही, टोकं साफ करावी लागतात. भिंतीची वीज चालू असताना राखीव सेल डब्यात ठेवायचे की नाही, ते पुस्तिकेत पाहा. अनेक निर्माते काढून ठेवायला सांगतात, कारण उष्णतेने ते पाझरतात. आमचे सेल झडपेशेजारी एका डबीत असतात, वीज गेली की घालायचे. डिसेंबर २०१३ च्या हिमवादळात टोरांटोत तीन लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली होती आणि कित्येक घरं नाताळातही अंधारात होती. तेव्हा जुन्या शेजाऱ्यांनी या फायरप्लेसवरच रात्री काढल्या.

*टिक-टिक चालू, ज्योत नाही.* कॉक पाहा, नळीतली हवा आठवा. काही वेळ प्रयत्न करून यंत्र स्वतःला कुलूप लावून घेतं. बहुतेक यंत्रांत ते बंद करून थोडं थांबून पुन्हा सुरू केलं की कुलूप उघडतं, नेमकी रीत पुस्तिकेत असते. दोनदा तसं करा, तिसऱ्यांदा नाही.

*पायलट पेटतो, तरी टिक-टिक थांबत नाही आणि बर्नर लागत नाही.* या जातीचं हे सगळ्यात नेहमीचं दुखणं, आणि इथेच अनावश्यक खर्च होतो. पायलटपाशी दोन दांड्या असतात, एक ठिणगी देणारी आणि एक ज्योत ओळखणारी. ज्योतीतून अतिशय सूक्ष्म प्रवाह एकाच दिशेने वाहतो, तो मिळाला की यंत्राला कळतं की ज्योत आहे. दांडीवर पांढुरकी पुटं चढली की प्रवाह पोहोचत नाही. डोळ्यांना ज्योत दिसते, यंत्राला दिसत नाही. दांडी बारीक पोलादी लोकरीने घासली की बहुतेक वेळा काम होतं. ती काळी पेटी बदलायची म्हणून कुणी शेकडो डॉलर सांगत असेल तर आधी दांडी साफ करून पाहा, असं स्पष्ट म्हणा. काच काढणं आणि पायलटला हात लावणं आलं म्हणून मी हे काम वार्षिक देखभालीतच करून घेते.

कडाक्याच्या थंडीत ही यंत्रं कधीकधी पहिल्या प्रयत्नात पेटत नाहीत, कारण धूर बाहेर नेणाऱ्या नळीतली थंड हवा जड होऊन बसते. काही यंत्रांत पायलट सतत तेवत ठेवण्याची कळ असते. जानेवारी-फेब्रुवारीत ती लावून पाहा.

८. बाहेर जाऊन पाहा

बहुतेक नव्या फायरप्लेसची हवा बाहेरून येते आणि धूर बाहेर जातो, एकात एक घातलेल्या दोन नळ्यांतून. भिंतीबाहेर धातूची एक जाळीदार पेटी दिसते, तिचं तोंड मोकळं हवं. बर्फ साचतो, गांधीलमाशा घर करतात, झुडूप वाढतं. पेटल्यावर थोड्याच मिनिटांत बर्नर पायलटसकट विझत असेल, ज्योत पिवळी होऊन काच काळवंडत असेल, तर आधी ही पेटी पाहा. बर्फ हाताने किंवा मऊ झाडूने काढा, यंत्र बंद असताना. मार्ग मोकळा असूनही तसंच होत असेल तर तंत्रज्ञ येईपर्यंत यंत्र बंद ठेवायचं. वुडस्टॉकची हकिगत वर सांगितली आहे.

आत, काचेबद्दल. ती भाजेल इतकी तापते आणि बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. २०१५ नंतर बनलेल्या यंत्रांना काचेपुढे संरक्षक जाळी असते, ती काढू नका. त्याआधीचं यंत्र असेल आणि घरात रांगतं बाळ असेल तर वेगळं कुंपण घ्या. आईने पहिल्या आठवड्यात जाळीवर ओली साडी वाळत टाकली होती, रेडिएटरवर टाकावी तशी. नवीन आलेल्या आई-वडिलांना हे प्रेमाने पण पहिल्याच दिवशी सांगा. काच पुसायची ती पूर्ण थंड झाल्यावर, आणि अमोनिया असलेला खिडक्यांचा फवारा वापरायचा नाही.

९. तंत्रज्ञ बोलावताना

ऑन्टारियोत इंधनाच्या कामांवर टीएसएसए या संस्थेची देखरेख असते. काम करणारी कंपनी तिथे नोंदलेली हवी आणि येणाऱ्या माणसाकडे गॅस तंत्रज्ञाचं ओळखपत्र हवं. जी-२ किंवा जी-१ असेल तर तो स्वतंत्रपणे काम करू शकतो, जी-३ वाल्याने देखरेखीखालीच काम करायचं असतं. कार्ड दाखवा म्हणण्यात संकोच नको. चांगला तंत्रज्ञ ते आपणहून दाखवतो. ओळखीतला कुणी स्वस्तात करून देतो म्हणाला तरी कार्ड नसेल तर नाही म्हणा, कितीही जवळचा असला तरी.

फोनवर हे सांगा: मॉडेल क्रमांक, यंत्राची जात, आणि नेमकं काय होतं. “पेटत नाही” एवढं सांगू नका. “पायलट पेटतो, साठ सेकंद धरला तरी विझतो, ज्योत पिवळी आहे” असं सांगितलंत तर तो योग्य सुटा भाग घेऊन येतो आणि दुसऱ्या फेरीचे पैसे वाचतात. मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढून ठेवा. तपासणीचे पैसे दुरुस्तीत वजा होतात का, तेही आधी विचारा. सप्टेंबरमध्ये बोलावलंत तर दोन दिवसांत येतात, पहिल्या बर्फानंतर आठवडे लागतात.

तपासणीत काही धोकादायक आढळलं तर तंत्रज्ञ यंत्राला चिठ्ठी अडकवतो. ए प्रकारची म्हणजे तात्काळ धोका, गॅस तिथेच बंद करून तो जातो. बी प्रकारची म्हणजे चिठ्ठीवर लिहिलेल्या मुदतीत दुरुस्ती करून घ्यायची. पहिल्यांदा चिठ्ठी पाहून दंड झाल्यासारखं वाटतं, माझ्या ओकव्हिलच्या मैत्रिणीला तर रडूच फुटलं होतं. तसं काही नसतं. चिठ्ठी फाडू नका, तिचा फोटो काढा, मुदत दिनदर्शिकेत लिहा, आणि दुरुस्तीनंतर तंत्रज्ञाकडून तसं लेखी घेऊन पुस्तिकेच्या पानांत ठेवा.